माळ्यावरची चाकं

माझ्या भाऊजींना त्यांच्या कामावर कुणी नावाने हाक मारत नाही. ‘सावकाश’ म्हणतात. ‘सावकाश आला का?’, ‘ही तार सावकाशला दाखव’, असं. माणसाच्या तोंडी सतत तोच एक शब्द असेल तर लोकांनी तरी काय करावं? भाऊजी लिफ्टची देखभाल करतात. उंच इमारतींच्या डोक्यावर मोटरची एक कोंदट खोली असते, तिथे त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. तार झिजली आहे का, ब्रेक वेळेवर धरतो का, दार लागायच्या आधी लिफ्ट हलत तर नाही ना, हे बघायचं. थोडक्यात, काळजी करण्याचाच पगार. दुसऱ्या कुठल्या धंद्यात एवढी काळजी केली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. इथे बढती मिळाली.

बरं, घरी आल्यावर तरी माणसाने काळजी चपलांबरोबर दाराशी सोडावी की नाही? नाव नको. गॅसचं बटण बंद केलं की भाऊजी ते चाचपून बघतात, मग नाक लावून वास घेतात, मग कुलूप लावून जिना उतरतात आणि रस्त्यावरून परत फिरतात. ताईला बघायला आमच्या घरी आले तेव्हाची गोष्ट. चहा हातात, समोर ताई बसलेली, आणि यांची नजर छताकडे. शेवटी आईला म्हणाले, “खुर्ची जरा इकडे सरकवून घ्या. त्या पंख्याचा हूक मला बरा दिसत नाही.” ते गेल्यावर आई म्हणाली, “स्थळ चांगलं आहे, पण मुलगा पोरगी बघायला आला होता की पंखा?” मी तेव्हा शाळेत होते. तेव्हापासून मेहुणीचा हक्क म्हणून मी त्यांना चिडवत आले आहे, आणि ते मला ‘मेहुणीबाई, सावकाश’ म्हणत आले आहेत.

मी त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते आणि लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझा स्वभाव तापट आहे, हे माझ्याकडे शिकून गेलेला कुणीही सांगेल. जेवायला मी खालीच असते. त्यामुळे या घरात काय शिजतं ते मला ताटातलंही कळतं आणि मनातलंही, असा माझा समज होता.

आता ताई. ताई नर्स होती. रुग्णालयाच्या कडक फरशीवर उभं राहून तिच्या गुडघ्यांचं पार भुस्कट झालं आणि तिला वेळेआधी नोकरी सोडावी लागली. आम्हाला वाटलं, आता ही खिडकीत बसून लोकर विणेल. हिने जाऊन शिडाची कयाक विकत आणली. पिवळीधमक, लांबुळकी, प्लास्टिकची होडी. आतून पोकळ, वर बसायला खुर्ची, पायांनी मारायची पेडलं, पुढे एक काठी आणि त्या काठीला गुंडाळता येणारं शीड. आमच्या दोन गल्ल्या सोडून खाडी आहे. तिथे एका माणसाने ही असली होडकी ठेवायला शेड बांधली आहे आणि तोच तिची राखण करतो. त्याने एका सकाळी ताईला शिडाचं शिकवायला घेतलं आणि ती संध्याकाळी घरी आली ती वेगळीच बाई होऊन. मला म्हणाली, “जमिनीवर मी म्हातारी आहे गं. पाण्यावर मला गुडघेच नाहीत.”

भाऊजींना पोहता येत नाही. बादलीतल्या पाण्याकडेसुद्धा ते जरा संशयानेच बघतात. ताईने पाण्यात जाऊ नये म्हणून ते देव पाण्यात घालून बसले होते. पण तिला तोंडावर ‘नको’ म्हणायची त्यांची छाती नव्हती. ती नर्स असताना तिने कुणाचं ऐकलं नाही, मग यांचं काय ऐकणार?

एकदा मात्र ते शेडवर गेले आणि होडी उलटी करून त्यांनी तिचं पोट तपासलं. शेडपासून पाण्यापर्यंत सिमेंटचा लांब उतार आहे. होडीचं वजन एका धडधाकट माणसाएवढं. ताई पुढून दोरी धरून ओढायची आणि मागचं टोक सिमेंटवर घासत जायचं. त्या टोकाशी खाली एक धार असते, तिच्यावर भाऊजींनी अंगठा दाबला.

“हे बघ, आत जातंय,” ते म्हणाले. “इथलं प्लास्टिक पातळ झालंय. उद्या भोक पडलं तर वरून दिसणारसुद्धा नाही. होडी आतून भरत जाईल आणि तुला कळेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.”

“मग काय करू? डोक्यावर घेऊन जाऊ?” ताई म्हणाली.

त्यावर भाऊजींनी काय केलं असेल? त्यांनी ट्रॉली बनवली. संध्याकाळी कामावरून आले की अंगणात बसायचे. आडवा दांडा, त्यावर दोन उभे खुंट, आणि चिखलात रुतणार नाहीत अशी दोन गुबगुबीत, हवा भरायची चाकं. होडीच्या तळाला, वर साचलेलं पाणी निथळायला, नळीसारखी आरपार भोकं असतात, पोकळीत न उघडणारी; त्यात ते खुंट खालून बरोबर बसायचे. मग पुढचं टोक उचललं की होडी बाळाच्या गाडीसारखी एका हाताने चालायची. जिने पाण्यात जाऊ नये असं वाटत होतं तिलाच पाण्यापर्यंत पोचवायला यांनी गाडी बांधली. मी हसले तर म्हणाले, “जाणार तर आहेच. निदान भोक पडून नको जायला.”

ट्रॉलीचे सोपस्कार पुढे एवढे वाढले की होडी बरी पण ट्रॉली आवर, असं मला झालं. सुट्टीच्या दिवशी भाऊजी स्वतः जायचे. होडी उतरवायची, ताई बसली की मागून हलकेच ढकलायची, स्वतःचे घोटेच काय ते ओले होऊ द्यायचे, आणि ट्रॉली ओढून घेऊन काठावर तिच्या शेजारी उभं राहायचं. ताई दिसेनाशी झाली तरी उभं. ती परत आली की ट्रॉली घरी आणायची, गोड्या पाण्याने धुवायची, मीठ राहिलं तर बेअरिंग खातं म्हणून फडक्याने पुसायची, खिळा काढून चाकं सुटी करायची आणि सगळं जिन्याखाली ठेवायचं. शेडवर ठेवायची सोय नव्हती, कारण पहिल्याच महिन्यात तिथून कुणाची तरी चाकं नाहीशी झाली होती.

इतर दिवशी ताई एकटीच ट्रॉली ढकलत जायची. त्यामुळे घरात एक खूण पडून गेली. जिन्याखाली चाकं असली की ताई जमिनीवर, नसली की ताई पाण्यावर. भाऊजी कामावरून आले की बूट काढायच्या आधी वाकून जिन्याखाली बघायचे. चाकं दिसली तर “चहा आहे का?” चाकं नसली तर चहा नाही, जेवण नाही, बोलणं नाही. रिकामा पेला हातात धरून खिडकीशी उभे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, “भाऊजी, तुम्ही उपाशी राहिलात म्हणून वारा थांबतो का?” ते म्हणाले, “वारा नाही थांबत. पण घास उतरत नाही, त्याला काय करू?”

असं चाललं होतं. मग एक दिवस ताई उलटली.

वाऱ्याचा एक जोराचा झोत आला आणि होडी आडवी झाली. ताईच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. होडी सरळ करून पुन्हा वर चढायला तिला चांगलाच वेळ लागला, कारण वर चढताना गुडघा लागतोच. घरी आली ती कपाळावर टेंगूळ घेऊन आणि हसत. “अहो, किती दिवसांनी पोटभर पोहले!” म्हणाली. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी बर्फ आणला, फडक्यात बांधला, तिच्या कपाळावर धरला आणि तो सगळा वितळून मनगटावरून ओघळला तरी धरून ठेवला.

त्यानंतर त्यांची झोप उडाली. सकाळी त्यांचे डोळे बघवत नसत. आठवडाभरात चेहरा उतरला, कामावर एकदा लिफ्टच्या पाट्या उलट्या लावून आले. तार तपासून तपासून बदलता येते. माणसाचं काय करायचं? ताईला त्यांनी एकदाच विचारलं, “थोडे दिवस जाऊ नकोस म्हटलं तर?” ताई म्हणाली, “थोडे दिवस म्हणजे किती? तुमची भीती जाईपर्यंत? मग मी मेल्यावरच जाईन.” तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण जीभ सुटली. आमच्या घराण्याची जीभच तशी आहे.

आणि मग या सज्जन माणसाने आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली. जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, “चाकांचं बेअरिंग गेलंय. मिठाने खाल्लं. कामावर नेऊन ठेवलीत, नवीन मागवलंय. यायला वेळ लागेल.” ताई म्हणाली, “बरं.” एवढंच. मला नवल वाटलं. ताई एवढ्यावर गप्प बसणारी नव्हे.

चाकं कामावर गेलीच नव्हती. भाऊजींनी त्यांची हवा सोडली, जुन्या चादरीत ती गुंडाळली आणि माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्यांमागे लपवली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की कामावरून आल्यावर ते जिन्याखाली न वाकता सरळ आतल्या खोलीत जातात. एकदा मी हाक मारायला गेले तर स्टुलावर उभे, माळ्यात मान घातलेली.

“काय शोधताय?” मी विचारलं.

“मुंग्या,” भाऊजी म्हणाले. “मुंग्या झाल्यात का बघतोय.”

मुंग्या नव्हत्या वाटतं, कारण उतरले ते खुशीत. त्या आठवड्यात भाऊजी पोटभर जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला विनोद सांगितले, तेही न संपणारे. बैठकीत आडवे पडल्या पडल्या घोरायला लागले. ताई त्यांच्याकडे बघून हसायची आणि दिवा मालवायची. ती रोज दुपारी गुडघ्यांच्या व्यायामाला जाते असं सांगत होती. मला वाटलं, सुटलो एकदाचे. टेंगळाने ताईला शहाणपण आलं आणि भाऊजींना झोप.

त्या दिवशी ज्या इमारतीत भाऊजींचं काम होतं तिथली वीज गेली, म्हणून ते दुपारीच घरी आले. माझाही एक शिकाऊ ड्रायव्हर आजारी पडला होता. भाऊजींनी स्वतः चहा केला, कपाळाला आठी नाही, काही नाही. ताई व्यायामाला गेलेली. बाहेर वारा सुटला होता, खिडकीचं दार आपटत होतं, आणि भाऊजी चक्क म्हणाले, “छान हवा सुटलीय, नाही?” वाऱ्याला छान म्हणताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा होता. मी उचलला.

“बाई बऱ्या आहेत ना?” त्या म्हणाल्या. “या आठवड्यात एकदाही आल्या नाहीत. उद्याची वेळ ठेवू की काढून टाकू?”

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून फोन ठेवला. पण भाऊजींनी माझा चेहरा वाचला. त्यांना चेहऱ्यावरचा धोका लांबून दिसतो. मी सांगितलं तसे ते उठले आणि दारामागच्या खुंटीकडे गेले. तिथे ताईचं लाइफ जॅकेट असतं. खुंटी रिकामी होती.

“धुवायला काढलं असेल,” मी म्हटलं.

भाऊजी आतल्या खोलीत धावले. मी मागे. स्टूल ओढलं, गाद्या खाली ढकलल्या, चादरीचं गाठोडं बाहेर काढलं आणि त्यातून दोन गुबगुबीत चाकं निघाली. मी बघतच राहिले.

“आहेत,” भाऊजी म्हणाले. “चाकं इथंच आहेत. म्हणजे ती गेलेली नाही. चाकांशिवाय कशी जाईल?” क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग ते हसू तिथल्या तिथे विरून गेलं. “ओढत नेली,” ते म्हणाले. “घासत नेली असणार.”

मी त्यांना गाडीत घातलं. माझी गाडी शिकवायची आहे, म्हणजे शेजारच्या सीटखालीही ब्रेक असतो. तिथे मी भाऊजींना बसवायला नको होतं. मांडीवर चाकं, पायाखाली जिन्याखालून उचललेला ट्रॉलीचा सांगाडा, आणि समोर मांजर आलं, सायकल आली, नुसती सावली आली तरी हे ब्रेक दाबणार. एकीकडे “लवकर चल, लवकर चल” म्हणायचं आणि दुसरीकडे ब्रेक! मी ओरडले, “पाय काढा तिथून! नाहीतर उतरा आणि पळत या!” त्यांनी पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली आणि दोन्ही हातांनी चाकं पोटाशी धरली. मला माझ्याच ओरडण्याची लाज वाटली. वारा गाडीच्या काचेवर धूळ फेकत होता.

शेडमध्ये होडीची जागा रिकामी होती. भाऊजी रिकाम्या जागेकडे बघायला थांबलेसुद्धा नाहीत. ते सरळ उताराकडे गेले आणि खाली वाकले. मीही वाकले. करड्या सिमेंटवर एक पिवळी रेघ होती, शेडपासून थेट पाण्यात गेलेली. तिच्या कडेला प्लास्टिकचा बारीक कीस पडला होता, पेन्सिलीला टोक केल्यावर पडतो तसा. आणि ती रेघ एकटी नव्हती. शेजारी आणखी रेघा होत्या, थोड्या पुसट, पाण्याने धुतलेल्या.

रखवालदार शेडमागून आला. “मी रोज म्हणतो बाईंना, चाकं आणा,” तो म्हणाला. “तर म्हणतात, चाकं रजेवर आहेत. मी इथे असलो तर कधी कधी उचलू लागतो, पण आज मी पलीकडे गेलो होतो. एकट्याच ओढत गेल्या वाटतं.”

“कधी?” भाऊजींनी विचारलं.

“झाला बराच वेळ. खरं म्हणजे यायला हव्या होत्या.”

भाऊजींनी तो कीस चिमटीत घेतला आणि रखवालदारापुढे धरला. आवाज अगदी खाली गेला होता. “हे मागच्या टोकाचं आहे. ते आधीच पातळ होतं. भोक पडलं असणार. होडी पोकळ आहे. पाणी आत शिरलं की मागून जड होते, आणि शीड वर असताना जड झाली तर उलटेल. उलटली की तिला या वेळी सरळ करता येणार नाही. तुमची मोटरबोट काढा. सावकाश नको, पटकन काढा.”

हा माणूस ‘पटकन’ म्हणाला. तोवर मला वाटत होतं, भाऊजींचं नेहमीचंच आहे.

रखवालदाराने बोट काढली. भाऊजींनी एक पाय तिच्यात टाकला, बोट डुलली, आणि त्यांनी पाय मागे घेतला. “नको,” ते म्हणाले. “माझं ओझं कशाला? येताना तिला जागा लागेल.” ती भीती होती की अक्कल, ते मला सांगता यायचं नाही. दोन्ही असेल. बोट भुरभुर करत टेकडीच्या वळणाआड गेली. आम्ही दोघं उतारावर राहिलो.

भाऊजींनी ट्रॉली जोडायला घेतली. दांड्यात चाक घालायचं, खिळा अडकवायचा. रोज डोळे मिटून करतात ते काम, आज खिळा भोकात जाईना. मी हात पुढे केला तर म्हणाले, “राहू दे. ती आली की ट्रॉली तयार हवी.” शेवटी जोडली. चाकांत हवा नव्हती. त्यांनीच सोडली होती ना. चपटी चाकं घेऊन भाऊजी गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. घोट्यावर पाणी चढलं की घाबरणारा माणूस, पँट वर दुमडायचीही शुद्ध नव्हती.

मला खूप बोलायचं होतं. बायकोची चाकं लपवता? वर मुंग्यांचं नाव घेता? पण त्यांची पाठ बघून तोंड उघडवेना. ते पाण्याकडे बघत स्वतःशीच बोलत होते, “ट्रॉली असती तर घासली नसती. ट्रॉली असती तर घासली नसती.” मी देवाचं नाव घेणारी बाई नाही, पण त्या दिवशी वळणाकडे डोळे लावून मी काय काय कबूल केलं ते मी कुणाला सांगणार नाही. लाटांवर फेस येत होता. लांब काही पिवळं दिसलं की मी पुढे धावायचे, आणि ते कुठलं तरी पाण्यात तरंगणारं खुणेचं पिंप निघायचं.

मग मोटरबोटीचा आवाज आला. वळणातून आधी ती दिसली, मग तिच्यामागे दोरी, आणि दोरीच्या शेवटी होडी. शीड गुंडाळलेलं. होडीचं मागचं टोक पाण्याखाली गेलेलं आणि ताई खुर्ची सोडून पार पुढच्या टोकावर पालथी, दोन्ही हातांनी कडा धरून. मग तिने डोकं वर केलं.

होडी जड वाटायला लागली तेव्हाच तिने शीड गुंडाळलं होतं आणि वजनाने मागचं टोक वर यावं म्हणून पुढे सरकली होती. पेडलं मारायला खुर्चीत बसावं लागतं, आणि खुर्चीत बसलं की मागून पाणी शिरत होतं. म्हणून ती नुसती पडून राहिली होती आणि वारा तिला खाडीत आत आत नेत होता. हे सगळं रखवालदाराने सांगितलं. ताईचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. मी शेडमधलं कांबळं आणून तिच्यावर टाकलं आणि तोंडाचा पट्टा सोडणार तेवढ्यात भाऊजी पुढे आले.

त्यांनी तिला पहिल्यांदा काय विचारावं? “गुडघा दुखतोय का?”

ताईने मान हलवली. रडू आवरत होती की थंडीने थरथरत होती, कळलं नाही.

होडी काठाला लागली खरी, पण आत एवढं पाणी होतं की चौघांनाही ती हलेना. चपट्या चाकांची ट्रॉली तिच्यापुढे काय टिकणार? रखवालदाराने मागचं बूच काढलं. पाणी वाहायला लागलं आणि वाहतच राहिलं. मग भाऊजींनी खाली हात घातला, टोकाची धार चाचपली आणि त्यांची करंगळी आत गेली. ती त्यांनी तशीच आत ठेवली, बराच वेळ.

घरी आल्यावर ताईला गरम पाणी दिलं, जाड कपडे दिले, मी चहा टाकला. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं आणि मी ते लावलं नाही. ऐकायचं होतंच मला.

“मी चाकं लपवली होती,” भाऊजी म्हणाले. “बेअरिंगला काही झालं नव्हतं. खोटं बोललो.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली.

“आज कळलं ना.”

“आज कशाला? दुसऱ्याच दिवशी. माळ्याखालच्या भिंतीवर टायरचा काळा पट्टा उमटला होता. भिंत तुम्हीच रंगवलीत ना? आणि माझी निळी चादर कपाटात नव्हती. आयुष्य वॉर्डात गेलं माझं, कुठल्या खाटेवर कुठली चादर ते मला झोपेत कळतं.”

भाऊजींचा आवाज अगदी फाटला. “मग घेतली का नाहीस? शेजाऱ्याला सांगून काढायची होतीस. न्यायची होतीस. घासत कशाला नेलीस गं?”

“नेली असती तर तुम्हाला कळलं असतं,” ताई म्हणाली. “आल्या आल्या तुम्ही माळ्यात बघत होतात. चाकं दिसली की जेवत होतात. झोपत होतात. किती दिवसांनी तुम्हाला घोरताना ऐकलं मी. म्हटलं, माझं भागतंय की ओढून. कशाला त्यांच्या जिवाला घोर?”

चहा उतू गेला. मला गॅस बंद करायचं सुचलं नाही. त्या आठवड्यात भाऊजी हसत होते, वाढून घेत होते, आणि त्या प्रत्येक घासामागे ती होडी सिमेंटवर घासत होती. आणि मी म्हणत होते, सुटलो एकदाचे.

“मला असली झोप नको,” भाऊजी म्हणाले. “मी उपाशी राहीन, खिडकीत उभा राहीन, मेहुणी हसेल, हसू दे. पण तू पाण्यावर असशील तर मला माहीत असू दे. काळजी करायची तर खरी करू दे मला.”

“आणि तुम्हीही मला खोटं बेअरिंग सांगू नका,” ताई म्हणाली. “नको वाटतं तर नको म्हणा. मी भांडेन. भांडून जाईन. पण चाकांवर जाईन.”

मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं लांब लांब बसली होती, भांडण झाल्यासारखी. भाऊजींनी चहा घेतला, दोन घोट प्यायले, कप खाली ठेवला आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने जिन्याखालून पंपाचा आवाज यायला लागला. फुस्, फुस्. मध्येच थांबायचा. मग परत फुस्, फुस्. ताईने मान वळवून ऐकलं आणि बसल्या जागेवरून ओरडली, “जास्त भरू नका हो, उन्हात फुटतील!”

होडीला ठिगळ लावून ती सुकायला बरेच दिवस जाणार होते. रखवालदाराने तसं सांगितलंही होतं. चाकं मात्र त्याच संध्याकाळी हवा भरून, पुसून जिन्याखाली उभी होती.